सालब मिस्री नावाचे रानफूल

लांब दांड्यावर आइस्क्रीमचा गोळा चिकटवून गिऱ्हाईकाला पुन्हा पुन्हा चकवणारा तुर्की आइस्क्रीमवाला मुलांनी मोबाईलवर पाहिलेला असतो. मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये काहींनी तो प्रत्यक्षही पाहिला असेल. मुले हसतात आणि मग विचारतात, "हे आइस्क्रीम खाली पडत कसे नाही?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर मात्र आइस्क्रीमच्या दुकानात सापडत नाही. ते एका कुरणात सापडते.

अत्ताराच्या दुकानात गेलात, तर बरण्यांच्या रांगेत एका बरणीवर 'सालब मिस्री' किंवा 'सालम मिश्री' अशी चिठ्ठी दिसेल. आत पिवळसर, सुकलेले, दगडासारखे टणक कंद असतात. युनानी माजूनमध्ये ते पडतात. काही घरांत थंडीच्या दिवसांत त्यांची पूड दुधात शिजवून अशक्त माणसाला देतात. तुर्कस्तानात हीच पूड दुधात उकळून वर दालचिनी भुरभुरतात आणि हिवाळ्यात गरमागरम पितात. तिथे त्या पेयाला 'सालेप' म्हणतात. शाम आणि मिस्रच्या बाजारात त्याचे नाव 'सहलब'. दक्षिण तुर्कस्तानातील मराश शहराचे आइस्क्रीम प्रसिद्ध आहे. हे शहर म्हणजे आजचे कहरामानमराश, जे 2023 च्या फेब्रुवारीतील भूकंपामुळे आपल्या सर्वांना माहीत झाले. तिथले आइस्क्रीम बकरीचे दूध, साखर आणि हीच पूड घालून करतात, त्यात रूमी मस्तगीही घालतात. ते इतके चिवट होते की ताटलीत ठेवून सुरी-काट्याने कापून खातात. दांड्याला चिकटलेला गोळा खाली पडत नाही तोही याच चिवटपणामुळे.

मराशचे आइस्क्रीम, काहिराचा सहलब आणि अत्ताराची बरणी या तिन्हींच्या मुळाशी कुरणात उगवणारी एक रानटी ऑर्किड आहे. मराठीत ऑर्किडला आमरी म्हणतात. या आमरीच्या अनेक जाती सालबसाठी खोदल्या जातात. त्यातली सर्वात नावाजलेली जात म्हणजे शास्त्रज्ञांची 'ऑर्किस मॅस्क्युला'. आज तिचीच ओळख आम्ही करून देणार आहोत. औषध घरात येते, पण त्याचे फूल आपण कधी पाहिलेले नसते. ते एकदा नीट पाहिले की बरणीकडे पाहण्याची नजर थोडी बदलते.

नावाचा प्रवास

आधी नावाचा गुंता सोडवू. उर्दूत हा शब्द 'से, ऐन, लाम, बे' या अक्षरांनी लिहितात. अरबीत 'सअलब' म्हणजे कोल्हा. मग कोल्ह्याचा आणि कंदाचा काय संबंध? या आमरीला जमिनीखाली दोन गोल कंद शेजारी शेजारी असतात. त्या जोडीच्या आकारावरून ग्रीक लोकांनी तिला 'ऑर्किस' म्हटले. हा शब्द मूळचा नराच्या अंडकोषाचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात दियोस्कोरिदेस या ग्रीक वैद्याने वनौषधींचा मोठा ग्रंथ लिहिला. नवव्या शतकात बगदादमध्ये इस्तिफान बिन बासील यांनी तो अरबीत आणला आणि हुनैन बिन इसहाक यांनी तो तपासला. अरबीत याच कंदाला कोल्ह्याच्या त्याच अवयवाचे नाव पडले. पुढे लाजेखातर म्हणा किंवा सोयीसाठी म्हणा, अवयव गळाला आणि कोल्हा तेवढा शिल्लक राहिला. तुर्कांनी 'सालेप' केले, इंग्रजांनी 'सॅलेप', आपल्याकडे 'सालब' झाले आणि बाजारात बोलता बोलता 'सालम'.

दुसऱ्या शब्दाने तर आणखी घोळ घातला आहे. 'मिस्री' म्हणजे मिस्र देशाची. पण हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर आणि आपल्या मराठीत मिश्री म्हणजे दात घासायची भाजलेली तंबाखू. सालबचा या दोन्हींशी काडीचाही संबंध नाही. आणि नाव मिस्रचे असले, तरी फुलाची खरी घरे युरोपची गवताळ राने, तुर्कस्तानचे डोंगर आणि उत्तर इराणचे उतार ही आहेत.

नावातून एक समजूतही जन्माला आली. ज्या अवयवासारखा कंद, त्याच अवयवाची ताकद तो वाढवणार, असे जुन्या काळी अनेक देशांत मानले जाई. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला चांगला, हा त्याच प्रकारचा विचार. सालबची 'मर्दानी ताकदीची दवा' अशी जी ख्याती आहे, तिचे एक मूळ या आकारात आहे. कंदात प्रत्यक्षात काय असते? मुख्यतः स्टार्च आणि 'ग्लुकोमॅनन' नावाचा पाण्यात फुगणारा बुळबुळीत पदार्थ. दूध दाट होते ते या ग्लुकोमॅननमुळे आणि आइस्क्रीमचा चिवटपणाही त्याचाच. घशाला आणि पोटाला असा बुळबुळीत पदार्थ सुखावतो आणि दुधासाखरेबरोबर अंगात चार घासही जातात. हा गुण खरा आहे. बाकीच्या ख्यातीबद्दल आपल्या हकीमसाहेबांशी किंवा डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे, जाहिरातीवर जाऊ नये.

कुरणातले रोप

आता रोपाकडे वळू. ऑर्किड म्हटले की आपल्यासमोर फुलवाल्याकडची जांभळी, महाग फुले येतात किंवा आंब्या-जांभळाच्या फांदीवर वाढणारी झुपक्यांची आमरी येते. जगात ऑर्किडच्या सुमारे 28,000 जाती आहेत. भारतात बाराशेहून अधिक सापडतात. यातल्या बहुसंख्य जाती झाडांवर राहतात. सालबची आमरी मात्र जमिनीवरची. ती गवतात उगवते आणि गवताइतकीच उंच होते. वीतभरापासून दोन फुटांपर्यंत.

तिची पाने लांबट, चकचकीत हिरवी असतात आणि बुंध्याशी गोलाकार पसरतात. पानांवर बहुधा गडद जांभळट-तपकिरी ठिपके असतात, जणू कुणी शाईचा टाक झटकला आहे. पानांच्या मधून एकच सरळ दांडा वर येतो. एप्रिल ते जूनच्या दरम्यान त्यावर जांभळ्या-गुलाबी फुलांची मंजिरी फुलते. एका मंजिरीत सहा-सात फुलेही असतात आणि कधी तीस-चाळीसही.

एक फूल हातात न तोडता, वाकून पाहिले तर काय दिसते? बाहेरच्या तीन आणि आतल्या तीन अशा सहा पाकळ्या. वरच्या बाजूच्या मिळून एक छोटी टोपी झालेली, दोन बाजूंना पंखांसारख्या उभारलेल्या. आणि खालची एक पाकळी ओठासारखी रुंद पसरलेली, तिच्या मधल्या फिकट भागावर गडद ठिपके. हा ओठ म्हणजे पाहुण्यासाठी मांडलेला पाट. ठिपके त्याला आतली वाट दाखवतात. ओठाच्या मागच्या बाजूने एक जाडसर नळी निघते आणि ती वर वळलेली असते.

गंमत अशी की कळीमध्ये हा ओठ वरच्या बाजूला असतो. फूल उमलता उमलता त्याचा देठासारखा भाग, जो खरे तर बीजांडकोश असतो, अर्ध्या फेऱ्याने पिळतो आणि फूल उलटे होते. त्यामुळे ओठ खाली येतो आणि पाहुण्याला बसायला जागा होते. बहुतेक सर्व ऑर्किडमध्ये असे घडते. ताज्या फुलाला गोडसर वास असतो. पण फूल जुने होऊ लागले की त्याला बोक्याने घाण केल्यासारखा उग्र वास येतो. ज्यांनी ही फुले तोडून घरात फुलदाणीत ठेवली, त्यांना हा धडा लवकरच मिळाला.

रिकामी नळी आणि फसलेली मधमाशी

साधारणतः फुलाच्या अशा नळीत मध असतो. कीटक मध पितो, त्याच्या अंगाला पराग लागतो, तो दुसऱ्या फुलावर जातो. देवाणघेवाण सरळ आहे. सालबच्या फुलात मात्र नळी रिकामी असते. मधाचा एक थेंबही नसतो.

ही गोष्ट प्रथम ओळखली ती जर्मनीतल्या एका शिक्षकाने. क्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल हे बर्लिनजवळच्या श्पांडाऊ गावातील शाळेचे प्रमुख होते. फुले आणि कीटक यांच्या नात्यावर त्यांनी 1793 मध्ये ग्रंथ लिहिला. काही आमरी मधाचा नुसता देखावा करतात, असे त्यांनी त्यात नोंदवले. लोकांनी फारसे लक्ष दिले नाही. पुढच्याच वर्षी त्यांची शाळेतली जागाही गेली.

त्यानंतर जवळपास सत्तर वर्षांनी, 1862 मध्ये, चार्ल्स डार्विन यांनी ऑर्किडच्या परागीभवनावर पुस्तक लिहिले आणि त्याची सुरुवात याच ऑर्किस मॅस्क्युलापासून केली. डार्विन यांच्या इतर मतांविषयी आपल्या वाचकांत मतभेद असतील. पण त्यांचे निरीक्षण किती बारीक होते, ते यात दिसते. त्यांनी टोक केलेली पेन्सिल हळूच फुलाच्या तोंडात घातली आणि बाहेर काढली. टोकाला दोन पिवळ्या पिंडी चिकटून आल्या. ऑर्किडचा पराग सुटा, भुरभुरीत नसतो. तो असा पिंडीत बांधलेला असतो आणि प्रत्येक पिंडीच्या तळाशी चिकट चकती असते. फुलाला हात लागेपर्यंत ही चकती एका ओलसर पिशवीत झाकलेली असते. हवा लागली की तिचा चिकटा घट्ट होतो.

खरे नवल पुढे आहे. पेन्सिलवर ताठ उभ्या राहिलेल्या त्या पिंडी साधारण अर्ध्या मिनिटात आपोआप पुढे वाकल्या, जवळजवळ काटकोनात. असे का? पिंडी ताठ राहिल्या असत्या, तर पुढच्या फुलात त्या परागाच्या जागीच पुन्हा आदळल्या असत्या. वाकल्यामुळे त्या नेमक्या थोड्या खाली, जिथे पराग स्वीकारला जातो त्या चिकट जागेवर टेकतात. अर्ध्या मिनिटाचा उशीरही कामाचा. तोवर मधमाशी बहुधा या रोपावरून उडून दुसऱ्या रोपावर जाते आणि पराग त्याच रोपात फिरत राहत नाही.

मधाच्या बाबतीत मात्र डार्विन यांचा विश्वास बसला नाही. एवढ्या मधमाश्या इतकी वर्षे फसत राहतील, हे त्यांना पटेना. मध नळीच्या अस्तराआड असेल, असे त्यांना वाटले. पुढच्या संशोधनाने कौल शाळामास्तरांच्या बाजूने दिला. नळी खरोखर रिकामी आहे. वसंतात नुकत्याच बाहेर पडलेल्या, अननुभवी, मोठ्या केसाळ मधमाश्या रंग पाहून येतात, दोन-चार फुले तपासतात आणि निराश होऊन निघून जातात. शहाण्या झाल्या की फिरकत नाहीत. म्हणून या आमरीच्या बऱ्याच फुलांना फळ धरतच नाही. ही बाब लक्षात ठेवा, पुढे हिशेबात लागणार आहे.

धुळीसारखे बी

जे फळ धरते, त्यात मात्र बी अमाप. डार्विन यांनी याच्याच एका नातलग आमरीच्या बोंडातले बी मोजले. एका बोंडात सुमारे 6,200 आणि अख्ख्या रोपावर सुमारे 1,86,300. सगळेच उगवले, तर तिची पणतवंडे पृथ्वीची सारी जमीन झाकून टाकतील, असा हिशेब त्यांनी मांडला.

मग तसे का होत नाही? कारण ऑर्किडचे बी म्हणजे नुसती धूळ. गव्हाच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी बांधून दिलेली असते. तुरीच्या, हरभऱ्याच्या दाण्यात डाळीच्या रूपाने ती आपल्याला दिसते, आपण तीच तर खातो. ऑर्किडच्या बियांत शिदोरी नसते. बी वाऱ्याने दूर जाते, पण रिकाम्या हाताने.

हे बी उगवते कसे, हे कोडे 1899 मध्ये नोएल बर्नार या पंचवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने सोडवले. सैन्यातील सक्तीची नोकरी करत असताना फाँतेनब्लोच्या जंगलात त्यांना पाचोळ्याखाली दुसऱ्या एका आमरीचे नुकते उगवलेले अंकुर मिळाले. प्रत्येक अंकुरात एक बुरशी शिरलेली होती. जमिनीतली ही बुरशी धाग्यांनी बीमध्ये शिरते आणि तिच्या हातूनच अंकुराला पहिले अन्न मिळते. ठराविक बुरशी भेटली, तर बी जगते. नाही भेटली, तर लाखांतले एकही उगवत नाही.

पहिला बराच काळ हे बाळरोप जमिनीखाली, अंधारात, बुरशीच्या अन्नावर वाढते. पाने नंतर येतात. पहिले फूल यायला चार-पाच वर्षे किंवा त्याहून जास्त लागतात. अल्लाह तआलाच्या कारखान्यात अशा दुबळ्या बियांचीही तजवीज आहे. ती एका बुरशीच्या हाती सोपवलेली आहे आणि ती बुरशी न नांगरलेल्या, खत न टाकलेल्या जुन्या कुरणात राहते.

दोन कंदांचे काम

आता त्या जोडकंदांकडे येऊ. दोन्ही कंद सारखे नसतात. नीट पाहिले तर एक सुरकुतलेला, मऊ पडलेला असतो. दुसरा भरलेला, फिकट आणि टणक. सुरकुतलेला कंद गेल्या वर्षीचा. त्यात साठवलेले सर्व अन्न देऊन त्याने यंदाची पाने आणि फुले वर पाठवली. भरलेला कंद पुढच्या वर्षीचा. यंदाची पाने उन्हात जे अन्न तयार करतात, ते त्यात जमा होते. उन्हाळ्यात पाने सुकतात, जुना कंद संपतो आणि रोप या नव्या कंदाच्या रूपाने जमिनीत झोपी जाते. म्हणजे एक कंद खर्चाचा आणि एक बचतीचा. ज्या घरात पगार झाला की पुढच्या महिन्याचे वेगळे काढून ठेवतात, त्या घरातल्या बाईला हे समजावून सांगायची गरज नाही.

सालब खोदणारे कधी खोदतात? फुले आली की. कारण एरवी गवतात हे रोप ओळखू येत नाही. आणि दोन कंदांतला कोणता नेतात? भरलेला. सुरकुतलेल्याला बाजारात किंमत नाही. तो मातीत परत टाकतात, पण त्यात आता पुढचे रोप उभे करायची ताकद उरलेली नसते. बी अजून धरलेले नसते. अशा रीतीने एका खोदण्यात यंदाचे बी जाते आणि पुढच्या वर्षीचे रोपही जाते.

कंद धुतात, पाण्यात किंवा दुधात उकळतात म्हणजे ते पुन्हा फुटत नाहीत. मग दोऱ्यात माळा ओवून वाळवतात. वाळले की ते शिंगासारखे टणक होतात. मग त्यांची पूड होते. एक किलो सुके सालब तयार व्हायला 1,000 ते 4,000 कंद लागतात.

आता मुलांना पाटी घ्यायला सांगा. एका किलोत 1,000 ते 4,000 कंद, तर एका ग्रॅममध्ये एक ते चार. चमचाभर पूड तीन ग्रॅमची धरली, तर तीन ते बारा कंद. चाळीस दिवस रोज एक चमचा घेतला, तर 120 ग्रॅम. म्हणजे 120 ते 480 कंद. प्रत्येक कंद म्हणजे एक रोप. ते चार-पाच वर्षांनी फुलावर आलेले, ठराविक बुरशी भेटल्यामुळे वाचलेले आणि मधमाशी फसली तरच फळ धरणारे. एका माणसाच्या एका चिल्ल्यासाठी एवढे कुरण जाते. मागणी शहराशहरांतून आली, तर काय होईल ते वेगळे सांगायला नको.

तुर्कस्तानने रानातल्या सालबच्या निर्यातीवर बंदी घातली आहे. 1975 मध्ये अमलात आलेल्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत ऑर्किडचे संपूर्ण कुळ आहे. म्हणजे परवान्याशिवाय त्यांचा देशोदेशी व्यापार करता येत नाही. तरी चोरून खोदणे थांबलेले नाही. तुर्कस्तानातले सोपे डोंगर रिकामे होऊ लागले, तसे खरेदीदार इराणच्या कुरणांकडे वळले. खोदणारे कोण? बहुधा गावातली गरीब कुटुंबे आणि मेंढपाळ. त्यांना चार पैसे मिळतात, मोठा नफा पुढच्या हातांत जातो. त्यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही, कारण मागणी आपली आहे.

आपल्या देशातला सालम

आपल्या देशातही हीच कथा आहे. अत्ताराकडे 'सालमपंजा' म्हणून जे मिळते, ते हिमालयातल्या दुसऱ्या एका आमरीचे, 'डॅक्टिलोर्‍हायझा हटागिरिया'चे कंद असतात. याचा कंद गोल नसतो. त्याला तीन ते पाच बोटे फुटलेली असतात आणि तो हाताच्या पंजासारखा दिसतो. काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंडच्या उंच कुरणांत, अडीच हजार मीटरच्या वर, ही जांभळी आमरी उगवते. जिथे बर्फ वितळल्यावर बकरवाल आणि गुज्जर आपली जनावरे चारायला नेतात, तीच ही कुरणे. बेसुमार खोदाईमुळे तिथेही ती दुर्मिळ झाली आहे. शेजारच्या नेपाळने तिच्या खोदाईवर आणि विक्रीवर बंदी घातली आहे.

महाराष्ट्रात तुर्की सालब उगवत नाही, पण तिच्या कुळातल्या बहिणी आहेत. पहिला पाऊस पडून गेला की कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर आणि सह्याद्रीच्या पठारांवर 'आषाढ आमरी' उगवते. जमिनीला चिकटलेले एखादेच पसरट पान आणि वर पांढरीशुभ्र फुले. साताऱ्याजवळच्या कास पठारावर अशा जमिनीवरच्या आमरींच्या अनेक जाती आहेत. हे पठार 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. डोंगरातले लोक 'अमरकंद' म्हणून ज्याचा औषधात वापर करतात, तोही एका आमरीचाच कंद. या सर्वांची राहणी तीच. उन्हाळाभर कंद जमिनीत, पावसात फूल, बी धुळीसारखे आणि बुरशीवाचून उगवत नाही. सडा म्हणजे ओसाड, पडीक जागा असे आपण म्हणतो. तिथे चिऱ्याची खाण निघाली किंवा माती टाकून बाग उठवली, तर नुकसान झाले असे कुणाला वाटत नाही. आषाढात एकदा मुलांना घेऊन त्या सड्यावर चक्कर मारावी आणि खाली बघत चालावे. पडीक जमीन किती भरलेली असते ते डोळ्यांनीच दिसेल.

घरात काय करता येईल

सूरह रहमानमध्ये मीजानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख आहे आणि त्या तराजूत खोट करू नये अशी ताकीदही आहे. आपण तो दुकानातल्या तराजूपुरता समजतो. पण कुरण, बुरशी, मधमाशी आणि कंद यांचाही एक हिशेब आहे आणि माणसाला त्यावर अमानतदार म्हणून नेमले आहे. जरुरीपुरते घेणे जायज आहे. जरुरीपेक्षा जास्त घेणे हा इसराफ आहे, मग ती वस्तू बाजारात उघड मिळत असली तरी. यातून घरासाठी दोन-चार साध्या गोष्टी निघतात.

सालब ही हौसेची चीज समजू नये. हकीमसाहेबांनी एखाद्या नुस्ख्यात लिहिली, तर पर्याय आहे का, हे अवश्य विचारावे. अनेक वेळा असतो. या बरण्यांत भेसळही पुष्कळ असते, त्यामुळे महागडी पूड घेऊनही आपल्या हाती खरे सालब येईलच असे नाही.

दूध दाट करून गरम प्यायचे असेल, तर काहिराच्या गल्ल्यांतही आज बहुतेक ठिकाणी कॉर्नफ्लोअरचाच सहलब मिळतो. एक पेला दुधाला दोन लहान चमचे कॉर्नफ्लोअर थोड्या थंड दुधात कालवून घालावे, मंद आचेवर सतत ढवळत दाट होऊ द्यावे, साखर घालावी, खाली उतरवून दोन थेंब गुलाबजल आणि वर दालचिनी व पिस्त्याचे काप. थंडीतल्या इशानंतर हा पेला घरातल्या सगळ्यांना आवडतो आणि त्यासाठी एकही फूल खोदावे लागत नाही. बाजारातल्या चिवट आइस्क्रीममध्येही आता बहुधा गवारीच्या बियांचा डिंक असतो. म्हणजे दांड्याची गंमत सालबवाचूनही चालते.

सड्यावर किंवा डोंगरावर आमरी दिसली, तर ती उपटून कुंडीत लावू नये. तिची बुरशी कुंडीत येत नाही आणि ती बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मरते. फोटो काढावा, जागा लक्षात ठेवावी, पुढच्या आषाढात पुन्हा जाऊन पाहावे.

आणि मुलांनी तुर्की आइस्क्रीमवाल्याचा व्हिडिओ पुन्हा दाखवला, तर त्यांना नुसते हसवून सोडू नये. हे आइस्क्रीम खाली का पडत नाही, हे विचारावे आणि कुरणातल्या त्या दोन कंदांची गोष्ट सांगावी. खर्चाचा कंद कोणता आणि बचतीचा कोणता, हे एकदा कळले की मूल सहसा विसरत नाही.